कॉम्प्युटर दुरुस्तीला देताना होणारी फसवणूक: सांगलीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत हळद आणि बेदाण्याच्या व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिते. दिवसभर टॅली, जीएसटीचे रिटर्न आणि एक्सेल. काही वर्षांपूर्वी पंख्याचा आवाज येतो म्हणून माझा लॅपटॉप दुरुस्तीला दिला, तो निम्मी रॅम (काम करताना मशीन वापरतं ती मेमरी) घेऊन परत आला. त्यानंतर मी या विषयात जरा खोलात शिरले. आता मार्केट यार्डापासून मिरजेपर्यंत ओळखीत कुणाचा कॉम्प्युटर बिघडला की आधी मला फोन येतो. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे.

तुमच्या लॅपटॉपचं नेमकं काय झालं होतं?

दुकानदारानं पावती म्हणून कॅलेंडरच्या पानाचा तुकडा फाडून दिला होता. त्यावर लिहिलं होतं, "काळा लॅपटॉप, फॅन, ६५०". दोन दिवसांनी आणला, पंखा शांत झाला होता. पण टॅलीच्या जोडीला एक्सेल उघडलं की सगळं अडकायला लागलं. भाच्यानं टास्क मॅनेजर (मशीनची स्थिती दाखवणारी विंडोजमधली खिडकी) उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरी दाखवली. घेताना ८ जीबी होती, तिथे ४ दिसत होती. लॅपटॉप पालथा केला तर खालचे सगळे स्क्रू काळे आणि एकच चांदीच्या रंगाचा, डोकं घासलेला.

दुकानात गेले. "ताई, तुमच्यात चारच होती की." खरेदीचं बिल दाखवलं तर म्हणाला, "मधल्या काळात कुणी काढली असेल, मला काय माहीत?" त्याच्या या बोलण्यावर मला उत्तर देता आलं नाही, कारण लॅपटॉप देताना त्यात काय होतं हे दाखवणारा एकही कागद माझ्याकडे नव्हता. हातातून वस्तू जाण्याआधी तिची नोंद हवी. नंतर कितीही भांडलात तरी त्या नोंदीची जागा भरून निघत नाही.

मग दुकानात जाण्याआधी घरी काय करायचं?

मशीन चालू होत असेल तर दहा मिनिटांचं काम आहे. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरी आणि डिस्क, दोन्हींचे मोबाइलवर फोटो घ्या. तिथे रॅम किती, किती स्लॉट भरलेत, डिस्क एसएसडी (नव्या प्रकारची, चिपवर मजकूर ठेवणारी) आहे की साधी हार्ड डिस्क आणि तिचा मॉडेल नंबर दिसतो. लॅपटॉपच्या पोटाखालच्या सीरियल नंबरचा फोटो घ्या. चारही कडा, बिजागरी, स्क्रीन आणि स्क्रूंचे फोटो घ्या. चार्जर देणार असाल तर त्याचाही घ्या. कंपनीचा चार्जर जाऊन लोकल येणं ही तर नेहमीची गोष्ट. हे सगळे फोटो स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप करून ठेवा, म्हणजे तारीख आणि वेळ आपोआप राहते.

दुसरं काम बॅकअपचं. टॅलीचा डेटा, फोटो, मुलांचे प्रोजेक्ट, सातबाराची स्कॅन, जे गेलं तर रडू येईल ते आधी बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या. मशीन अजिबात चालू होत नसेल आणि आत महत्त्वाचं काही असेल तर दुकानदाराला तुमच्यासमोर डिस्क काढायला सांगा आणि ती घरी आणा. स्क्रीन, कीबोर्ड, चार्जिंगची पिन, बिजागरी यांच्या कामाला तुमची डिस्क लागत नाही. काम झालं की पुन्हा समोर बसवून घ्या. काही लॅपटॉपांत डिस्क मदरबोर्डालाच (आतल्या मुख्य बोर्डालाच) जोडलेली असते, तिथे हे जमत नाही. तेव्हा पुढचा प्रश्न नीट वाचा.

तो पासवर्ड मागतो. द्यायचा का?

आधी कशासाठी हवा ते विचारा. हार्डवेअरच्या कामाला सहसा नको असतो. स्क्रीन लागली, बटणं चालली, चार्जिंग होतंय हे लॉगिनच्या पानापर्यंत आलं तरी कळतं. उरलेली तपासणी घ्यायला जाल तेव्हा तुम्ही स्वतः पासवर्ड टाकून करा.

विंडोजमधलीच अडचण असेल तर मात्र त्याला आत जावं लागणारच. तेव्हा एक गोष्ट लक्षात घ्या. क्रोममध्ये जतन केलेले तुमचे पासवर्ड बघायला बहुधा विंडोजचा पिनच लागतो. पिन दिला म्हणजे बँकेचा, जीएसटी पोर्टलचा, मेलचा पासवर्ड दिल्यासारखंच झालं. म्हणून देण्याआधी क्रोममधून आणि मेलमधून साइन आउट करा, जतन केलेले पासवर्ड काढा आणि व्हॉट्सअ‍ॅप वेब मोबाइलवरच्या लिंक्ड डिव्हायसेसमधून तोडा. वेगळं खातं उघडून दिलं तरी त्याला अ‍ॅडमिनचे अधिकार दिलेत तर तो बाकीची फोल्डरही उघडू शकतो, त्यामुळे त्यावर विसंबू नका. परत आणल्या दिवशी पिन बदला.

नव्या लॅपटॉपांत बऱ्याचदा डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असतं आणि मालकाला ते माहीतही नसतं. बोर्डाचं काम झालं की मशीन ४८ आकडी "रिकव्हरी की" (कुलूप उघडायची चावी) मागतं. ती मायक्रोसॉफ्टच्या तुमच्या खात्यात सापडते. देण्याआधीच बघून वहीत उतरवा आणि वही घरीच ठेवा. "की नाही म्हणून फॉरमॅट मारला" हे मी आत्तापर्यंत तिघांकडून ऐकलं आहे.

पावतीवर काय असायला हवं?

दुकानाचं नाव-पत्ता, तारीख, मॉडेल, सीरियल नंबर, रॅम, डिस्क, तक्रार काय, तपासणीचे पैसे किती, अंदाजे खर्च किती, आणि एक वाक्य: "विचारल्याशिवाय पार्ट बदलू नये व फॉरमॅट करू नये." पावतीपुस्तक नसेल तर कोऱ्या कागदावर तुम्हीच लिहा, त्याची सही आणि शिक्का घ्या. सहीला का कू करणारा माणूस तिथेच ओळखू येतो. एवढंही नको असेल तर निदान व्हॉट्सअ‍ॅपवर हा मजकूर पाठवा आणि त्याच्याकडून "ओके" घ्या.

"बिल नको असेल तर जीएसटी वाचेल" या बोलण्याला भुलू नका. दुरुस्तीवर १८ टक्के जीएसटी आहे. ५०० रुपयांच्या कामावर ९० रुपये. त्या ९० रुपयांसाठी तुम्ही तुमचा पुरावा सोडून देता. छोटा दुकानदार जीएसटीत नोंदलेला नसेलही, वर्षाला २० लाखांच्या आतली सेवा असेल तर नोंदणी सक्तीची नाही. मग त्यानं करही लावायचा नाही. पण साधं बिल त्यालाही द्यावंच लागतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये बिल किंवा पावती न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा म्हणून लिहिलेली आहे. जीएसटी लावला असेल तर बिलावरचा नंबर बघा, महाराष्ट्रातला असेल तर २७ नं सुरू होतो.

"मदरबोर्ड गेलाय" म्हणतो. खरं कसं ओळखायचं?

सगळ्यात जास्त फोन याच प्रश्नाला येतात, कारण सगळ्यात जास्त पैसे याच एका वाक्यावर जातात. बोर्ड खरंच जातो, नाही असं नाही. पण बोर्ड गेल्यासारखी लक्षणं दाखवणारे अगदी स्वस्तातले बिघाड खूप आहेत.

डेस्कटॉप चालू होतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी आणि आतून बीप-बीप. बहुतेक वेळा रॅमचा संपर्क नीट होत नसतो. वीज काढून, रॅम काढून, तिच्या सोनेरी पट्ट्या साध्या खोडरबरानं हलक्या पुसून परत बसवली की काम होतं. दर वेळी तारीख मागे जाते, सुरू होताना एफ१ दाबायला सांगतो: बोर्डावरचा बटणासारखा सेल संपला आहे. त्याचा नंबर सीआर२०३२, किराणा दुकानातही मिळतो. डेस्कटॉप अजिबातच दाद देत नाही: एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा) बदलून बघायला सांगा. लॅपटॉप दाद देत नाही: त्याच कंपनीचा, तेवढ्याच व्होल्टचा दुसरा चार्जर लावून बघा. लॅपटॉप चालू आहे पण स्क्रीन काळी: टीव्हीला एचडीएमआयची वायर जोडा. टीव्हीवर चित्र आलं तर बोर्डावर संशय घेण्याआधी स्क्रीन आणि तिची केबल बघायला हवी.

गरम होऊन बंद पडत असेल तर धूळ. मार्केट यार्डात हळदीच्या गोदामाला लागून असलेल्या एका ऑफिसातला कॉम्प्युटर माझ्यासमोर उघडला होता. प्रोसेसरवरच्या पंख्याच्या पात्यांवर पिवळ्या पुडीचा थर, इतका की बोट फिरवलं तर बोट पिवळं. त्या मालकांना बोर्ड बदलायचा खर्च सांगितला गेला होता. साफसफाई केली, वाळलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलली आणि तो कॉम्प्युटर पुढे तीन वर्षं चालला.

इतकं करूनही बोर्डच म्हणत असेल तर दोन प्रश्न विचारा: बोर्डावर नेमकं काय गेलंय, आणि ते मला मीटर लावून दाखवता का? चिप लेव्हलचं, म्हणजे बोर्डावरचा एकेक भाग दुरुस्त करायचं काम येणारा कारागीर हौसेनं दाखवतो. ज्याला येत नाही तो चिडतो. मग तपासणीचे पैसे द्या आणि दुसऱ्या दुकानात दाखवा. पहिल्यानं काय सांगितलं ते दुसऱ्याला सांगू नका.

नवा पार्ट घातला म्हणाला. खरंच नवा आहे का?

काढलेला जुना पार्ट परत मागा, तो तुमचा आहे. हे आधीच सांगून ठेवलं की न बदललेल्या पार्टाचे पैसे लावायची सोय राहत नाही. नव्या पार्टाचं खोकं आणि त्याच्या वॉरंटीचं बिल वेगळं घ्या, बिलावर पार्टाचा सीरियल नंबर घालून.

एसएसडी किंवा हार्ड डिस्क असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम टाकून बघा. डिस्क आत्तापर्यंत किती तास चालली ते तो दाखवतो. नव्या डिस्कवर दोन-चार तास असायला हवेत. नऊ हजार तास दिसले तर ती आधी वर्षभर कुठेतरी अखंड राबलेली आहे.

विंडोज १० बंद झालं, नवाच घ्या म्हणतो.

मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, हे खरं. त्यानं मशीन बंद पडत नाही, फक्त सुरक्षेचे नेहमीचे फुकट अपडेट थांबतात. विंडोज ११ ला चालणारा प्रोसेसर, टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय), ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. तुमचं मशीन त्यात बसत असेल आणि आतलं विंडोज १० अस्सल असेल तर अपग्रेड फुकट आहे. त्यासाठी दोन-तीन हजार मागणारा लायसन्सचे पैसे सांगत असेल तर लायसन्स दाखव म्हणा. पुष्कळदा तो क्रॅक केलेली (लायसन्स तोडलेली, चोरीची) कॉपी टाकतो, आणि क्रॅक चालावा म्हणून डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) बंद करून जातो. हिशेबाच्या मशीनवर हे फार धोक्याचं आहे. विंडोज सिक्युरिटी उघडून संरक्षण चालू आहे ना, एवढं तरी घरी आल्या आल्या बघा.

न विचारता फॉरमॅट मारला. डेटा गेला. आता?

मशीन ताबडतोब बंद करा. त्यावर काहीही टाकू नका, उतरवू नका, "एकदा बघू" म्हणून सुरूही करू नका. साध्या हार्ड डिस्कवर झटपट फॉरमॅट मारला असेल तर बराचसा मजकूर जागेवर असतो, फक्त त्याची यादी पुसलेली असते. त्यावर नवं लिहिलं गेलं की तो कायमचा जातो. एसएसडीचं तसं नसतं. ती पुसलेली जागा स्वतःहून रिकामी करत असते, तिथे आशा फार थोडी. डिस्क काढून डेटा रिकव्हरीचं काम करणाऱ्याकडे न्या. ज्यानं फॉरमॅट मारला त्यालाच "आता तूच काढून दे" म्हणू नका.

"डेटाची जबाबदारी आमची नाही" असं पावतीवर छापलेलं असतं, त्यानं घाबरू नका. डिस्क आपोआप मेली तर गोष्ट वेगळी. स्क्रीन बदलायला दिलेल्या मशीनवर न विचारता फॉरमॅट मारणं हा निष्काळजीपणा आहे, आणि निष्काळजीपणानं झालेलं नुकसान कायद्यात सेवेतली त्रुटी धरलं आहे.

पुराच्या पाण्यात भिजलेल्या कॉम्प्युटरचं काय?

हा प्रश्न आपल्याकडचाच. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, धोक्याची खूण ४५ ची. मारुती रोड, गावभाग, स्टेशन चौक, सगळीकडे दुकानं पाण्यात. पाणी उतरल्यावर लोकांनी गाळानं भरलेले सीपीयू रस्त्यावर ओळीनं मांडले होते. अशा वेळी "सगळं डेड आहे, ५०० ला देऊन टाका" म्हणत फिरणारे येतात. आतल्या हार्ड डिस्कमध्ये दहा वर्षांचे हिशेब असतात हे घाईत कुणाच्या ध्यानात येत नाही.

भिजलेल्या मशीनला वीज लावू नका. हेअर ड्रायर नको, ऊन नको, तांदळाचा डबा नको. सीपीयू विकायचा तर विका, पण हार्ड डिस्क काढून घ्या. ती खोलू नका, वाळवत बसू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून लवकरात लवकर रिकव्हरीवाल्याकडे पोचवा. विमा असेल तर फोटो आणि सीरियल नंबर घेतल्याशिवाय काहीच हलवू नका.

सांगितले १२००, आता ४००० मागतो आणि लॅपटॉप अडवून ठेवलाय.

इथे कायदा दोन्ही बाजूंनी बघावा लागतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० प्रमाणे ज्यानं वस्तूवर मेहनत घेतली त्याला त्या कामाची वाजवी मजुरी मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेता येते. म्हणजे ठरलेले १२०० दिल्याशिवाय लॅपटॉप मागता येणार नाही. पण तुम्ही होकार न दिलेल्या वाढीव कामासाठी तो अडवून धरणं वेगळं. त्याला लेखी कळवा: ठरलेली रक्कम द्यायला तयार आहे, वस्तू अमुक तारखेपर्यंत परत करा.

काम अडलं असेल, रिटर्नची तारीख डोक्यावर असेल तर मी एक मार्ग सुचवते. पैसे यूपीआयनं द्या, म्हणजे नोंद राहील, आणि त्याच वेळी मेसेज करा की जादा रक्कम मान्य नाही, केवळ वस्तू सोडवण्यासाठी देत आहे. लॅपटॉप घरी आला की तक्रार करा.

त्यानं माझे फोटो किंवा बँकेची माहिती घेतली असेल अशी भीती वाटते.

पहिल्या तासात करायचं ते दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून करा. मेलचा पासवर्ड आधी बदला, कारण बाकी सगळ्यांची चावी तीच आहे. मग बँक, मग बाकीचे. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा. गुगल खात्यात तुमची उपकरणं कोणती ते बघा, अनोळखी असेल ते काढा. लॅपटॉपवर एनीडेस्क, टीमव्ह्यूअर असलं, दुरून मशीन चालवू देणारं काही तुम्ही न टाकलेलं सापडलं तर आधी फोटो घ्या, मग काढा.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकत जातात. परवानगीशिवाय, लबाडीनं कॉम्प्युटरमधला मजकूर उतरवून घेणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ खालचा गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

फोटोंवरून कुणी धमकावत असेल तर एक रुपयाही देऊ नका. एकदा दिलं की मागणं थांबत नाही. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट घ्या, पोलिसांत जा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांबाबतच्या काही तक्रारी नाव न देताही करता येतात. मुलींनो, घरी सांगा. यात चूक फोटो चोरणाऱ्याची आहे, तुमची नाही. आणि आई-वडिलांना माझी हात जोडून विनंती: मुलगी हे सांगायला आली तर पहिलं वाक्य "तुला कुणी सांगितलं होतं ठेवायला" असं काढू नका.

फोन आला, "मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस आहे".

ठेवून द्या. मायक्रोसॉफ्ट असे फोन करत नाही.

तक्रार कुठे करायची? वकील लागतो का? खर्च किती?

आधी दुकानदाराला लेखी द्या, सात-आठ दिवसांची मुदत घाला. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर सदोष वस्तू किंवा सेवा ३० दिवसांच्या आत परत घेऊन पैसे देण्यास नकार देणं हीसुद्धा अनुचित प्रथा आहे, ते त्या पत्रात लिहा. पुष्कळ प्रकरणं इथेच मिटतात.

नाही मिटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. ते मध्यस्थी करतात, आदेश देऊ शकत नाहीत. आदेश हवा तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही, तुम्ही स्वतः उभे राहू शकता. घटनेपासून २ वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. दुकान पुण्यात असलं तरी तुम्ही सांगलीत राहता म्हणून सांगलीच्या आयोगात करता येते, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही. वेळ लागतो, तारखा पडतात, हे आधीच सांगते.

कॉम्प्युटर धंद्याचा असेल तर समोरचा "हे ग्राहकच नाहीत" असा मुद्दा काढतो. स्वयंरोजगारानं पोट भरणाऱ्याला कायद्यानं ग्राहक मानलं आहे, माझ्यासारख्या घरून हिशेब लिहिणारीलासुद्धा. मोठ्या पेढीला मात्र यावर भांडावं लागतं.

पार्ट चोरला असा थेट पुरावा असेल तर पोलीस ठाणं. विश्वासानं दिलेली वस्तू लबाडीनं स्वतःकडे ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खालचा फौजदारी विश्वासघात आहे.

पण तो ओळखीचा आहे. मेव्हण्याचा मित्र. कागद कसा मागायचा?

अडचण खरी आहे. आपल्याकडे कागद मागितला की "माझ्यावर विश्वास नाही का, वहिनी?" येतंच. मी सांगते, "विश्वास आहे रे, पण हे व्यापाऱ्यांचे हिशेब आहेत, त्यांना मला दाखवावं लागतं." वाईट दिसत नाही आणि खोटंही नाही. शिवाय चांगल्या कारागिराला नोंद सोयीचीच असते. त्याच्यावरही खोटे आळ येतात. आधीच तुटलेली बिजागरी "तूच तोडलीस" म्हणून पैसे बुडवणारी गिऱ्हाइकं मी पाहिली आहेत, आणि त्या पोरांना दिवसभराची मजुरी सोडावी लागली आहे.

जुना कॉम्प्युटर त्यालाच भंगारात देऊ का?

द्या, पण डिस्क काढून. नुसतं फॉरमॅट करून दिलेल्या हार्ड डिस्कमधून तुमचं आधार कार्ड परत निघू शकतं. डेस्कटॉपची हार्ड डिस्क चार स्क्रूंनी बसवलेली असते, वायरी ओढल्या की निघते. माझ्याकडे अशा पाच डिस्क कपाटात आहेत, प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून वर्ष लिहिलेलं. ज्या वर्षाचे हिशेब ठेवायची मुदत संपली ती डिस्क मी शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्या दादांकडे नेते आणि ड्रिलनं आरपार तीन भोकं पाडून घेते.